परदेशी मुलांना इंग्रजी शिकविण्यास जाण्यापूर्वी
(कंबोडियाच्या अनुभवावर आधारित एक अभ्यासपाठ)



आज आपल्या समाजातील मुले-मुली पदवीधर होत आहेत. काही परदेशात शिक्षण घेत आहेत, तर काही नोकरीनिमित्त तेथे स्थायिक झाली आहेत. शिक्षणाच्या बळावर आपण वर आलो, तेव्हा आपणही कोणाला तरी शिकवावे, ही भावना या तरुणांच्या मनात उत्पन्न होणे स्वाभाविक आहे. त्यातच 'परदेशात जा, गरीब मुलांना इंग्रजी शिकवा, जगही पाहा' अशा जाहिराती त्यांच्या नजरेस पडतात. काही ठिकाणी दोन आठवड्यांचा कार्यक्रम असतो, काही ठिकाणी महिन्याचा. अनेक ठिकाणी त्यासाठी स्वयंसेवकाकडूनच शुल्क घेतले जाते.

अशा सेवेस जाणे चांगले की वाईट, या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर देता येणार नाही. परंतु त्याची कसोटी मात्र एका वाक्यात सांगता येते. स्वयंसेवक परत गेल्यानंतर त्या मुलापाशी आणि त्या शाळेपाशी काय शिल्लक राहिले, यावरून त्या सेवेचे मोल ठरते. ही कसोटी नीट समजावी म्हणून प्रस्तुत पाठात आपण कंबोडिया या बौद्ध देशाचे उदाहरण अभ्यासणार आहोत.

१. स्वयंसेवेची परंपरा

दुसऱ्या देशात जाऊन शिकविण्याची संघटित चळवळ दुसऱ्या महायुद्धानंतर वाढली. इंग्लंडमध्ये १९५८ साली 'व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज' ही संस्था सुरू झाली. तिचे पहिले स्वयंसेवक नुकतीच शाळा संपविलेले तरुण होते. अमेरिकेत १९६१ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी 'पीस कोअर'ची स्थापना केली आणि त्याच वर्षी ५१ शिक्षकांची तुकडी आफ्रिकेतील घाना देशात दाखल झाली. जपाननेही १९६५ साली आपली स्वयंसेवक योजना सुरू केली.

या संस्था अनुभवातून शिकत गेल्या, हे लक्षात घेण्यासारखे आहे. इंग्लंडच्या संस्थेने शाळकरी वयाच्या तरुणांना पाठविण्याची पद्धत पुढे सोडून दिली व शिक्षक, परिचारिका, अभियंते अशा अनुभवी माणसांवर भर दिला. पीस कोअरने सेवेचा काळ २७ महिन्यांचा ठेवला. त्यापैकी पहिले सुमारे तीन महिने स्थानिक भाषा व कामाच्या प्रशिक्षणात जातात आणि नंतर दोन वर्षे प्रत्यक्ष काम चालते. २००७ पासून कंबोडियात आलेल्या या स्वयंसेवकांनी सरकारी शाळांत स्थानिक इंग्रजी शिक्षकाच्या जोडीने वर्ग घेतले.

यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. परक्या देशात शिकविण्यासाठी उत्साह पुरेसा नाही, तयारी लागते. आणि तेथे शिकविणारा माणूस अगोदरपासून आहे, त्याला बाजूला सारून काम करता येत नाही.

२. कंबोडियात इंग्रजीची भूक कोठून आली?

कंबोडिया १९५३ पर्यंत फ्रान्सच्या ताब्यात होता. त्यामुळे तेथील शिकलेल्या वर्गाची परकी भाषा फ्रेंच होती. १७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूज या संघटनेने राजधानी नॉमपेन्ह ताब्यात घेतली आणि ७ जानेवारी १९७९ पर्यंत तिची राजवट चालली. या काळात शहरे रिकामी करण्यात आली, शाळा बंद पडल्या, भिक्खूंची चीवरे उतरविण्यात आली. राजधानीतील एका माध्यमिक शाळेचा तर तुरुंग करण्यात आला. 'तुओल स्लेंग' या नावाने तो आज जगाला माहीत आहे. सुमारे १७ ते २० लाख माणसे हत्या, उपासमार, रोगराई व अतिश्रम यांमुळे मृत्युमुखी पडली, असा अंदाज आहे. शिकलेल्या माणसांवर विशेष रोख असल्याने बहुसंख्य शिक्षक मारले गेले, मेले किंवा देश सोडून गेले.

१९७९ नंतर शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा शिकवायला माणसेच नव्हती. ज्याला थोडे येते त्याने ज्याला काहीच येत नाही त्याला शिकवावे, अशा रीतीने काम सुरू झाले. परक्या भाषांमध्ये व्हिएतनामी आणि रशियन यांचा जोर होता. इंग्रजी शिकण्यास १९८० च्या दशकात मुभा नव्हती, तरीही काही जण घरात दार लावून ती शिकत असत.

२३ ऑक्टोबर १९९१ रोजी पॅरिस येथे शांतता करार झाला. १९९२-९३ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने तात्पुरते प्रशासन हाती घेऊन निवडणूक घडवून आणली. त्या काळात हजारो परदेशी कर्मचारी देशात आले. ज्याला चार वाक्ये इंग्रजी येत होती त्याला दुभाष्याची, वाहनचालकाची, कारकुनाची नोकरी मिळाली. १९९२ सालीच अंगकोरच्या मंदिरांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला आणि सिएम रीप हे गाव पर्यटकांनी भरू लागले. ३० एप्रिल १९९९ रोजी कंबोडिया 'आसियान' या राष्ट्रसमूहाचा सभासद झाला. त्या समूहाच्या कामकाजाची भाषा इंग्रजी आहे. तेव्हा कंबोडियातील शेतकऱ्याला आपल्या मुलाला इंग्रजी यावी असे वाटते, यात नवल काहीच नाही. आपल्याकडील शेतमजूर आई मुलाच्या इंग्रजीसाठी पोटाला चिमटा घेते, त्यामागेही हाच विचार असतो.

तेथील सरकारी शाळा बहुधा दोन पाळ्यांत भरतात. मूल सकाळी शाळेत गेले तर दुपारी मोकळे असते आणि दुपारी गेले तर सकाळी. या मोकळ्या अर्ध्या दिवसात इंग्रजीचे वर्ग चालतात. काही खाजगी असतात, काही गावातील विहारात भिक्खू चालवितात, काही परदेशी पैशावर उभे राहिलेले असतात. खेड्यातील गरीब मुलगा शहरात शिकायला आला तर तो विहारात राहू शकतो, आपल्याकडील मुले वसतिगृहात राहतात तसा. मुलीला मात्र ही सोय नाही. म्हणून मुलीच्या दृष्टीने गावातच चांगला वर्ग चालणे महत्त्वाचे ठरते. कंबोडियात इंग्रजी शिकविण्याची गरज खरी आहे, हे येथवरच्या विवेचनावरून स्पष्ट व्हावे. प्रश्न आहे तो ही गरज कोण व कशी भागवितो, याचा.

३. करुणेचा बाजार

जेथे खरी गरज असते तेथे खोटा व्यापारही येतो. कंबोडियाच्या समाजकल्याण मंत्रालयाने युनिसेफच्या सहकार्याने केलेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार मुलांना ठेवून घेणाऱ्या संस्था २००५ मध्ये १५४ होत्या, त्या २०१० मध्ये २६९ झाल्या. युद्ध संपून वर्षे लोटली होती, देशातील गरिबी कमी होत होती, मग अनाथाश्रम का वाढले? या संस्थांतील चार मुलांपैकी जवळजवळ तिघांचे आई किंवा वडील हयात होते. मूल अनाथ नव्हते, गरीब होते. 'तेथे तुमच्या मुलाला जेवण मिळेल, परदेशी माणसांकडून इंग्रजी शिकायला मिळेल' असे सांगितल्यावर आईबापांनी ते पाठविले.

पुढे मुलांची अधिक बारकाईने मोजणी झाली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरकारी पाहणीत सर्व प्रकारची मिळून ६३९ निवासी ठिकाणे आढळली व त्यांत ३५,३७४ मुले व तरुण राहत होते. यात विहार व वसतिगृहेही मोजलेली आहेत आणि त्यांतील कित्येक संस्था चांगले काम करीत असतील. परंतु काही ठिकाणी मुले हेच उत्पन्नाचे साधन झाले होते. पाहुणे आले की मुलांनी नाचून दाखवायचे, गाणी म्हणायची, गळ्यात पडायचे. मुले जितकी केविलवाणी दिसतील तितकी देणगी अधिक. म्हणून २०११ साली तेथील एका बालसंरक्षण संस्थेने 'मुले ही पर्यटनस्थळे नव्हेत' अशी मोहीमच काढली.

भगवान बुद्धांच्या जन्मभूमीचा देश नेपाळ, तेथेही हेच घडले. १९९६ ते २००६ या यादवीच्या काळात हुमला यासारख्या दुर्गम जिल्ह्यांतील आईबापांकडून पैसे घेऊन, 'मुलांना शिकवतो' असे सांगून दलालांनी मुले काठमांडूला आणली आणि आश्रमांत अनाथ म्हणून ठेवली. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने २०१७ साली आधुनिक गुलामगिरीविषयीच्या अहवालात अनाथाश्रमांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीची दखल घेतली. १८ डिसेंबर २०१९ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने पालकांविना वाढणाऱ्या मुलांसंबंधी ठराव केला, त्यातही अनाथाश्रमांतील पर्यटन व स्वयंसेवेमुळे होणाऱ्या हानीचा उल्लेख आहे.

येथे कोणी म्हणेल, 'स्वयंसेवकाचा हेतू तर चांगलाच असतो ना?' असतो, यात शंका नाही. परंतु चांगल्या हेतूने दिलेले पैसे आणि वेळ जर मुलाला आईपासून तोडण्याच्या व्यवहाराला बळ देत असतील, तर हेतूच्या आड लपता येत नाही. हेतूबरोबर परिणामही तपासावा लागतो.

शिवाय मुलाच्या मनाचा विचार आहे. रुमानियाची राजधानी बुखारेस्ट येथे २००० सालानंतर शास्त्रज्ञांनी संस्थांमध्ये वाढणाऱ्या १३६ लहान मुलांचा अभ्यास केला. त्यांपैकी निम्म्या मुलांना चांगल्या पालककुटुंबांत ठेवण्यात आले. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धीची वाढ व माणसांशी नाते जोडण्याची क्षमता अधिक चांगली आढळली. मुलाला रोज बदलणारी अनेक प्रेमळ माणसे नकोत. टिकून राहणारे एक-दोन माणसांचे प्रेम त्याला हवे असते. दर पंधरा दिवसांनी नवा 'दादा' किंवा नवी 'ताई' येणार, मुलाला जवळ घेणार आणि रडत निरोप घेऊन विमानात बसणार. स्वयंसेवक एकदाच निरोप घेतो, मूल मात्र वर्षातून वीस वेळा निरोप घेते.

४. वर्गात काय घडते?

अनाथाश्रम सोडून साध्या शाळेचा विचार करू. समजा, एका खेड्यातील वर्गात दर दोन आठवड्यांनी नवा परदेशी स्वयंसेवक येतो. मुलांना काय येते हे त्याला ठाऊक नसते. म्हणून तो मुळाक्षरांपासून आरंभ करतो. मग रंगांची नावे, प्राण्यांची नावे, शरीराच्या अवयवांचे गाणे. मुले उत्साहाने म्हणतात, कारण ती त्यांना आधीच पाठ असतात. स्वयंसेवकाला वाटते, आपण फारच छान शिकविले. तो जातो. दुसरा येतो व पुन्हा मुळाक्षरांपासून आरंभ होतो. वर्षाच्या शेवटी मुलाला 'तुझे नाव काय' याचे उत्तर अस्खलित देता येते, पण पाच ओळींचे पत्र लिहिता येत नाही.

याचा दुसरा परिणाम स्थानिक शिक्षकावर होतो. त्याचा पगार तुटपुंजा. त्याचे उच्चार पुस्तकातून शिकलेले. गोऱ्या पाहुण्याभोवती मुलांची गर्दी झालेली पाहून तो मागच्या बाकावर जाऊन बसतो. पालकही म्हणू लागतात, खरे इंग्रजी परदेशी माणसाकडूनच शिकावे. ज्या माणसाला तीस वर्षे त्या गावात शिकवायचे आहे त्याचीच किंमत अशा रीतीने कमी होते. पुस्तके, फळा, प्रशिक्षण यांवर व्हायचा खर्चही पाहुण्यांच्या सोयीकडे वळतो.

म्हणून अनुभवी संस्था आता असे म्हणतात की, परदेशी स्वयंसेवकाने शक्य तेथे मुलांऐवजी शिक्षकांबरोबर काम करावे. त्याने स्थानिक शिक्षकाला बोलण्याचा सराव द्यावा, पाठाची आखणी दोघांनी मिळून करावी, वर्ग शिक्षकाने घ्यावा आणि स्वयंसेवकाने मदतनीस व्हावे. एक शिक्षक आत्मविश्वासाने उभा राहिला तर त्याच्या हातून पुढील वीस वर्षे मुले शिकतील.

५. शिकविणाऱ्याने आधी शिकावे

जो दुसऱ्याला परकी भाषा शिकवू इच्छितो त्याने आधी त्या दुसऱ्याची भाषा थोडी तरी शिकली पाहिजे. भगवंतांचा उपदेश संस्कृत छंदात बांधावा, असे दोन भिक्खूंनी सुचविले असता भगवंतांनी ते नाकारले व लोकांना आपापल्या भाषेत धम्म शिकण्याची मोकळीक दिली, हा विनयपिटकातील प्रसंग आपणांस माहीत आहे. शिक्षणाच्या दृष्टीनेही त्याचे मोल मोठे आहे. मुलाची भाषा ही त्याच्या शिक्षणातील अडचण नसून त्याची पहिली पायरी आहे.

या बाबतीत मराठी विद्यार्थ्याला एक मोठी सोय आहे. कंबोडियाची खमेर लिपी दक्षिण भारतातील प्राचीन लिपीपासून निघाली. तिच्यात ३३ व्यंजने आहेत आणि त्यांचा क्रम आपल्या वर्णमालेसारखाच क-वर्ग, च-वर्ग असा चालतो. पाली व संस्कृतमधून आलेले शब्द त्या भाषेत भरपूर आहेत. शिक्षकाला 'क्रू' म्हणतात, तो आपला गुरू. 'साला' म्हणजे शाळा, 'फिएसा' म्हणजे भाषा. विहारातील विधी सांभाळणाऱ्या वडीलधाऱ्या गृहस्थाला 'अचार' म्हणतात, तो आपला आचार्य. पुरुष शिक्षकाला मुले 'लोक क्रू' व शिक्षिकेला 'नेआक क्रू' अशी आदराने हाक मारतात.

आता या भाषेच्या माहितीचा वर्गात उपयोग कसा होतो ते पाहा.

(अ) खमेरमध्ये विशेषण नामाच्या मागून येते. म्हणून मूल 'बिग हाऊस' ऐवजी 'हाऊस बिग' म्हणते. संख्याही मागून येते, म्हणून 'थ्री बुक्स'चे 'बुक थ्री' होते. ही मुलाची मठ्ठपणाची चूक नव्हे. ते आपल्या भाषेच्या नियमाने बरोबर बोलत असते. शिक्षकाने फळ्यावर दोन्ही भाषांचा क्रम शेजारी शेजारी लिहून दाखविला तर मुलाला फरक चटकन कळतो.

(आ) खमेरमध्ये अनेकवचनासाठी नाम बदलत नाही आणि काळाप्रमाणे क्रियापदाचे रूपही बदलत नाही. शिवाय शब्दाच्या शेवटचा 'स' उच्चारात बहुधा 'ह'सारखा होतो. त्यामुळे इंग्रजी अनेकवचनातील शेवटचा 'स' मुलाच्या तोंडून गळतो. तेथे रागावण्याऐवजी 'बुक' आणि 'बुक्स' असे जोडशब्द ऐकवून कोणत्या वेळी एक व कोणत्या वेळी अनेक, हे बोटांनी दाखविण्याचा खेळ घ्यावा. आधी कान तयार होतो, मग जीभ.

(इ) खमेर लिहिताना प्रत्येक शब्दानंतर जागा सोडत नाहीत. म्हणून इंग्रजी लिहिताना शब्द तोडणे हाही स्वतंत्र पाठ असतो. मोठे व लहान अक्षर हा भेद जसा आपल्या देवनागरीत नाही तसाच तेथेही नाही, हे मराठी शिक्षकाच्या लगेच ध्यानात येईल.

(ई) तेथील मोजणी पाचाच्या आधाराने चालते. मुओय, पी, बेई, बुओन, प्रम हे एक ते पाच. सहा म्हणजे 'प्रम-मुओय', पाच आणि एक. हे ज्याला ठाऊक आहे तो इंग्रजी आकडे शिकविताना मुलांकडून आधी त्यांचे आकडे शिकून घेईल. शिक्षकही विद्यार्थी होतो हे मुलांनी पाहिले की त्यांची भीड मोडते.

भाषेबरोबर रीतही शिकावी लागते. तेथे हात जोडून अभिवादन करतात. डोके पवित्र मानतात, म्हणून मुलाच्या डोक्यावरून हात फिरविणे प्रेमाचे लक्षण समजले जाईलच असे नाही. पाय कोणाकडे रोखून बसू नये. घरात व विहारात पादत्राणे काढावीत. स्त्रीने भिक्खूला स्पर्श करू नये. मध्य एप्रिलमधील नववर्ष व भाद्रपदाच्या सुमारास येणारा पितरांचा पंधरवडा या दिवसांत गाव आपल्या कामात असते, तेव्हा वर्गाचा आग्रह धरू नये.

६. आपले खरे भांडवल

आपल्या तरुणांना अनेकदा वाटते की, 'इंग्रजी ही आपली मातृभाषा नाही, आपण ती कशी शिकविणार?' परदेशातील काही शाळाही गोऱ्या कातडीलाच इंग्रजीचे प्रमाणपत्र समजतात. हा समज चुकीचा आहे. ज्याने इंग्रजी आईच्या मांडीवर शिकली त्याला ती कशी शिकली हे आठवत नाही. आपल्या विद्यार्थ्याने मात्र ती शाळेच्या वर्गात, पाठांतर करून, चुका करून, हसे सोसून मिळविली आहे. कोठे पाय घसरतो हे त्याला ठाऊक असते. मराठी माध्यमातून शिकलेला व मेहनतीने इंग्रजी कमावलेला शिक्षक कंबोडियातील खेड्यातल्या मुलासमोर उभा राहतो तेव्हा त्याचे उभे राहणेच एक धडा असतो. 'याच्या घरीही इंग्रजी नव्हती, तरी याला आली, म्हणजे मलाही येईल.'

दुसरे भांडवल आपल्या सामाजिक अनुभवाचे आहे. कोणी आपल्याकडे दयेच्या नजरेने पाहिले तर कसे वाटते, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी भोगले आहे. जुने कपडे देताना छायाचित्र काढणाऱ्या दात्यांची ओळख आपल्या वस्त्यांना आहे. शिक्षण हा आपला हक्क आहे, ती भीक नव्हे, हे आपण शिकलो. मग हाच न्याय आपण दुसऱ्या देशातील मुलाला लावला पाहिजे. आपण देणाऱ्याच्या जागी गेलो म्हणून घेणाऱ्याचा मान विसरता कामा नये.

७. जाण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

संस्थेच्या अभ्यासवर्गात पुढील प्रश्नांची चर्चा करावी. ज्या संस्थेमार्फत जावयाचे आहे तिला हे प्रश्न लेखी विचारावेत. समाधानकारक उत्तर न मिळाल्यास जाऊ नये.

१) हे काम शाळेत आहे की मुलांच्या निवासी संस्थेत? निवासी अनाथाश्रमातील अल्पमुदतीची सेवा टाळावी.

२) स्थानिक शिक्षक कोण आहे? तो वर्गात राहणार काय? त्याने व पालकांनी स्वयंसेवक मागितला आहे काय?

३) माझ्या आधीच्या स्वयंसेवकाने कोठपर्यंत शिकविले, याची नोंदवही आहे काय? नसल्यास ती मी सुरू करीन काय?

४) संस्था माझे पोलीस चारित्र्य-पडताळणी प्रमाणपत्र, शैक्षणिक कागदपत्रे व ओळखीच्या व्यक्तींचे अभिप्राय मागते काय? जी संस्था काहीही न विचारता कोणालाही मुलांमध्ये सोडते, तेथे मुले सुरक्षित नाहीत असे समजावे.

५) मुलांसोबत वागण्याचे लेखी नियम आहेत काय? एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत न राहणे, मुलाला बाहेर फिरावयास न नेणे, पालकांच्या परवानगीवाचून छायाचित्र न काढणे व ते प्रसिद्ध न करणे, हे किमान नियम होत.

६) व्हिसा योग्य प्रकारचा आहे काय? नेपाळसारख्या देशात पर्यटक व्हिसावर बिनपगारी शिकविणेही कायद्याविरुद्ध आहे. मुलांना नियम शिकविणाऱ्याने स्वतः नियम मोडू नये.

७) माझ्याकडून घेतलेल्या शुल्कापैकी शाळेला किती मिळते, याचा हिशेब दाखविला जातो काय?

८) मी किती काळ राहू शकतो? ज्याच्याकडे दोनच आठवडे आहेत त्याने वर्ग घेण्याऐवजी शिक्षकांसाठी संभाषणाचा सराव, ग्रंथालयाची मांडणी, शब्दांचे तक्ते किंवा पाठांच्या उच्चारांचे ध्वनिमुद्रण असे मागे राहणारे काम करावे.

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात आचार्याची शिष्याविषयीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. चांगले वळण लावावे, नीट समजेल असे शिकवावे, कोणतीही विद्या हातची राखून ठेवू नये, मित्रमंडळीत शिष्याचे गुण सांगावेत आणि सर्व दिशांनी त्याचे रक्षण करावे. वरील आठ प्रश्न म्हणजे आजच्या परिस्थितीत या पाचव्या कर्तव्याचेच पालन होय. रक्षण हा शिकविण्याचा भाग आहे, शिकवून झाल्यावर उरलेल्या वेळात करावयाची ती गोष्ट नव्हे.

८. २०२० साली काय शिल्लक राहिले?

आपण आरंभी जी कसोटी सांगितली तिची परीक्षा साऱ्या जगाने एकदा पाहिली. २०१९ मध्ये कंबोडियात सुमारे ६६ लाख परदेशी पर्यटक आले होते. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे विमाने थांबली. पीस कोअरने ६० हून अधिक देशांतील आपले सुमारे ७,००० स्वयंसेवक एकाच वेळी परत बोलाविले. जाहिराती पाहून आलेले इतर स्वयंसेवकही निघून गेले.

अशा वेळी दोन प्रकारच्या शाळांमधील फरक उघड होतो. जेथे सारा वर्ग पाहुण्यांवर चालत होता तेथे पाहुणे गेले की वर्गही गेला आणि देणगीही आटली. जेथे स्थानिक शिक्षक तयार झाला होता, जेथे वह्या, तक्ते, पाठांची आखणी त्याच्या हातात होती, तेथे पुन्हा उभे राहण्यास आधार होता. संकटाच्या काळात मुलाजवळ राहतो तो त्याच्या गावचा शिक्षक. त्याला बळ देणे हीच परदेशी स्वयंसेवकाची सर्वांत मोठी कामगिरी होय.

समारोप

भगवान बुद्धांनी पहिल्या साठ अर्हतांना लोकांच्या हितासाठी निरनिराळ्या दिशांनी जाण्यास सांगितले. ते तयार झाल्यानंतर त्यांना पाठविले, हा क्रम आपण विसरू नये. परदेशात जाऊन मुलांना शिकविण्याची इच्छा अत्यंत मोलाची आहे. ती मनात असलेल्या विद्यार्थ्याने आजपासून तयारीला लागावे. त्याने शिकविण्याचे प्रशिक्षण घ्यावे. आपल्या वस्तीतील अभ्यासिकेत आठवड्यातून दोन दिवस, सलग वर्षभर, पाचवी-सहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवून पाहावे. वर्षभर टिकला तर तो परदेशातही टिकेल, आणि टिकला नाही तरी ते येथेच कळलेले बरे.

तसेच आपल्या वसतिगृहांत आणि बालवाड्यांत जे परदेशी पाहुणे येतात त्यांनाही हेच नियम लागू करावेत. पाहुण्याचे स्वागत अवश्य करावे, परंतु आपली मुले प्रदर्शनाची वस्तू होऊ देऊ नयेत. आपल्या मुलीने पाहुण्याला हार घालण्याऐवजी त्याला इंग्रजीत दोन नेमके प्रश्न विचारले, तर तिचाही मान राहील आणि पाहुणाही काही शिकून जाईल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. कंबोडियात १९९१ नंतर इंग्रजीची मागणी का वाढली, याची तीन कारणे लिहा.
२. मुलाचे आईवडील हयात असूनही ते अनाथाश्रमात का जाते? ते कुटुंबात राहावे यासाठी कोणती मदत उपयोगी पडेल?
३. मराठी बोलणाऱ्या मुलाच्या इंग्रजीत कोणत्या चुका मराठीच्या नियमामुळे होतात? पाच उदाहरणे शोधा.
४. तुमच्या वस्तीतील एका शिक्षकास विचारा, 'बाहेरून येणाऱ्या स्वयंसेवकाकडून आपणांस कोणती मदत हवी?' मिळालेले उत्तर अभ्यासवर्गात वाचून दाखवा.